सहा कप चहा

रोज चहाच्या वेळी मैनाबाईच्या नवऱ्याला पलंगावर चार पाहुणे बसलेले दिसत. कंपवाताच्या गोळ्यांनी भास होतात, असं अकोल्याच्या डॉक्टरांनी सांगितलं. गोळ्या हळूहळू कमी करू, पण भांडू नका, असंही बजावलं. "कोनीच नाई" म्हटलं की म्हातारा चवताळायचा, "घरी आलेल्यायले चहाबी नाई पुसत काय?" म्हणून ती मुकाट्यानं सहा कप मांडायची, चार मोरीत ओतायची. एकदा न राहवून ती म्हणाली, "पाहुना आला त दाराशी चपला सोडते. पाहून या." तो जागचा हलला नाही. महिन्याभरानं आज तो आपणहून उठला, भिंत धरत उंबऱ्यापर्यंत गेला. बाहेर दोनच जोड होते, त्याचा आणि तिचा. वळून त्यानं पलंगाकडे पाहिलं. "चौघंबी बसूनच हायेत." मैनाबाईचा हात कपांकडे गेला. तो हसला. "पन बिनचपलीचे हायेत. चहा दोघायचाच टाक."