दिवस मावळल्यावरचं स्टेशन
लढाई संपून महिना झाला तरी आमच्या जऊळक्याच्या दोन जवानांची खबर नव्हती. पाकिस्तानचं रेडिओ स्टेशन रोज संध्याकाळी कैदेतल्या आपल्या जवानांची नावं सांगायचं. दिवसा ते लागतच नसे. दिवस मावळला की आवाज आभाळावर आदळून इतक्या दूर, माझ्या दुकानापर्यंत यायचा. मी उजेडातच जेवण उरकून रेडिओ लावायचो, आणि त्या दोघांच्या आया, सोजरबाई अन् तुळसाबाई, ओट्यावर एकाच पोत्यावर बसून ऐकायच्या. काल एक नाव खरखरीत बुडालं, पुढचं तेवढं स्वच्छ आलं: "गांव जऊळका, जिला अकोला." "माहाच हाय!" दोघी एकदम ओरडल्या आणि एकमेकींकडे पाहू लागल्या. आज त्या वेगवेगळ्या आल्या, ओट्याच्या दोन टोकांना बसल्या. पोतं मधे रिकामं राहिलं. "शेठ, काल नाव काहून नाही आलं?" तुळसाबाईनं विचारलं. "आभाळाचा भरोसा नाही, बाई. पण कालचीच नावं आज पुन्हा सांगतीन, मंग यादी बंद," मी म्हणालो. आज आभाळ मेहरबान होतं. शेजारच्या खोलीतून कुणी बोलावं तसा आवाज आला. एक नाव झालं, दुसरं सुरू झालं, तेवढ्यात सोजरबाई उठली आणि तिनं खटकन रेडिओ बंद केला. आता तुळसाबाई तिच्या अंगावर धावून जाईल, असं मला वाटलं. पण ती मधल्या पोत्यावर येऊन बसली, आणि सरकून तिनं सोजरबाईला जागा केली. "राहू द्या, शेठ," ती म्हणाली. "आजचा दिवस दोघंबी जित्ते राहू द्या."