खड्ड्यावरची उडी

लकव्यानं उजवा हात लुळा पडला, तसं कुरुंद्याच्या भीमराजनं जगण्यातूनच लक्ष काढून घेतलं. व्यायाम करीना, बोलंना. शेवटचा उपाय म्हणून शीतलनं बापाची तरुणपणीची व्हिडिओ गेम आपल्या जुनाट लॅपटॉपवर एम्युलेटर, म्हणजे जुन्या गेमयंत्राची नक्कल करणारं सॉफ्टवेअर, टाकून सुरू केली.

आधी ढोबळ पण वेगवान मोड लावला. गेम सुसाट पळाली, पण आवाज फाटका निघू लागला आणि गेममधला गडी दर वेळी खड्ड्यात पडू लागला. भीमराजनं डाव्या हातानं गेमचा बटणांचा रिमोट भिरकावला. "ही ती गेम न्हाईच. काहून फसवून राहिलीस मला?"

मग तिनं रिमोट उचलून त्याच्या मांडीवर ठेवला आणि अचूक मोड लावला. आवाज अगदी तोच आला, पण लॅपटॉपला ते झेपेना. गडी चिखलातून पाय उपसल्यागत चालू लागला. पळवावी तर खोटी, खरी लावावी तर रांगते! शीतलचे डोळे भरून आले. आता आणखी काय करावं? ती लॅपटॉप मिटायला वाकली.

"थांब!"

बापाचा उजवा अंगठा थरथरत बटणाकडं सरकत होता. खड्डा हळूहळू जवळ आला. अंगठा टेकला. गडी उडाला आणि पलीकडं उतरला.

"बंद काहून करून राहिलीस, पोरी? आता कुठं तो माझ्यासाठी थांबून राहिला."