वरची कवळी

"तोंडात कवळी, हलणारा दात, असं काही आहे का काका?" भूल देणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी कागदावरची नजर न काढता विचारलं.

"नाही," लाँड्रीवाला म्हणाला.

पलंगाच्या पायथ्याशी स्टुलावर त्याची बायको बसली होती. तिनं पिशवीचा बंद बोटाला गुंडाळला आणि सोडला.

"नक्की ना? तुम्ही बेशुद्ध झालात की घशातून श्वासाची नळी घालावी लागते. काही सुटं असलं तर आत जाऊन अडकतं. पित्ताचे खडे राहतील बाजूला आणि भलतंच निस्तरावं लागेल."

"सगळे दात माझेच आहेत."

विकत घेतलेले म्हणजे आपलेच, असं त्यानं मनाशी म्हटलं. बाईंनी कागदावर खूण केली, "अर्ध्या तासात नेतील" म्हणाल्या आणि पुढच्या पलंगाकडे गेल्या.

त्यानं अंगातल्या झग्याकडे पाहिलं. मागून उघडा, चुरगळलेला, आणि पोटावर तपकिरी डाग. रक्ताचाच. गाढवांनी गरम पाण्यात धुतला असणार, म्हणून डाग पक्का बसला. लोकांच्या कॉलरवरचा घाम, काखेतली पिवळी वर्तुळं, तोंड पुसलेल्या रुमालांचे गोळे, सगळं त्यानं तीस वर्षं नाक मुरडत हाताळलं होतं. स्वतःच्या सदऱ्याला मात्र कधी दुसऱ्याचा हात लावू दिला नव्हता. आज दुसऱ्या कुणाच्या तरी रक्ताचा डाग त्याच्या बेंबीवर होता.

"जाऊन येतो," म्हणत तो उठला. मागची नाडी एका हातानं धरून संडासात शिरला.

फरशी ओली होती. कुणीतरी बेसिनमध्ये खाकरून तसंच टाकलं होतं. त्याला उमासा आला, पण पोटात कालपासून पाण्याचा घोट नव्हता. कडी लावून त्यानं अंगठ्यानं वरची कवळी खाली ओढली. पच्‌ असा आवाज झाला. आरशात एकदम एक म्हातारा आला. गाल आत, ओठ आत, नाक हनुवटीला टेकायला निघालेलं. हातातल्या गुलाबी तुकड्याला शिळा, आंबूस वास येत होता.

पोट फाडण्याचं त्याला काही वाटत नव्हतं. भीती होती ती भुलीची. हिरव्या कपड्यातली चार अनोळखी माणसं, आणि मध्ये आपण, तोंडाचं बोळकं उघडं टाकून, लाळ गाळत, कदाचित अंथरूण ओलं करत. कोण काय म्हणेल, कोण हसेल, कोण तोंड फिरवेल, काही कळणार नाही. मळक्या कपड्यांचं गाठोडं कसं इकडून तिकडे ढकलतात, तसं. आणि नंतर तसंच बाहेर आणून हिच्यासमोर ठेवतील.

हिला तर माहीतही नव्हतं. लेकीच्या बाळंतपणाला ती दोन महिने गेली होती, तेव्हा त्यानं वरचे उरलेसुरले दात काढून कवळी बसवून घेतली होती. त्याला अकरा वर्षं झाली. रात्रीसुद्धा तो कवळी काढत नसे.

बाहेरून दार वाजलं. "काका, गाडी आली."

त्यानं हातातल्या तुकड्याकडे पाहिलं. बेसिनकडे पाहिलं. तिथं ठेवणं शक्यच नव्हतं. त्यानं डोळे मिटले आणि कवळी पुन्हा टाळूला चिकटवली.

वॉर्डमधल्या माणसानं त्याला गाडीवर आडवं केलं, अंगावर चादर ओढली. चाकं कुरकुरत निघाली. ऑपरेशनच्या खोलीचं दार दिसू लागलं तशी बायको पुढे आली आणि तिनं गाडीचा दांडा धरला.

"जरा थांबा हो भाऊ." मग त्याच्या तोंडासमोर तळहात पसरून म्हणाली, "द्या."

"काय?"

"कवळी."

वॉर्डमधला माणूस शहाणा होता. चार पावलं लांब जाऊन भिंतीवरची पाटी वाचू लागला.

"तुला कुणी सांगितलं?"

"सांगायला कशाला हवं? शेजारी झोपते ना मी? तुम्ही गाढ झोपलात की ती सुटून जिभेवर येते. घोरता घोरता घशात जाईल म्हणून मी बोटानं वर सारते."

"रोज?"

"बहुतेक रोज. मग उठून साबणानं हात धुते."

त्यानं मान भिंतीकडे वळवली. कानाच्या पाळ्या तापल्या. "किळस नाही येत तुला?"

"येते की. न यायला मी काय दगड आहे? पहिल्यांदा तर ओकले होते मी. मोरीत, पाणी सोडून, तुम्हाला ऐकू जाऊ नये म्हणून." तिनं हात हलवला नाही. "आता द्या. ती माणसं खोळंबलीत."

त्यानं तोंडात बोट घातलं. कवळी निघाली, तिच्यासोबत लाळेची एक लांब तार निघाली, तुटली आणि बायकोच्या मनगटावर पडली.

"शी!" ती म्हणाली. मूठ मात्र तिनं मिटली.

वॉर्डमधला माणूस परत आला. त्यानं दांड्याला हात घातला. तेवढ्यात लाँड्रीवाल्यानं बायकोची बाही धरली आणि तो काहीतरी बोलला. दातांवाचून शब्दांचा नुसता लगदा झाला, आणि थुंकी तेवढी तिच्या गालावर उडाली.

तिनं खांद्यानं गाल पुसला. मग पुन्हा वाकली आणि कान त्याच्या तोंडाजवळ नेला.

"काय म्हणालात? परत सांगा."