आत राखलेले कापड

वाचकहो, पुढे जी हकिगत कथन करीत आहे ती वरवर पाहता एका विजारीची आहे. परंतु तीत एका बहिणीचा जीव गुंतलेला आहे. सबब ती सावकाश वाचावी, एवढीच नम्र विनंती.

दिवेलागणीच्या सुमारास मास्तर दुकान बंद करून मागच्या खोलीत आले. मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत, कात्रीचे. त्यांची धाकटी बहीण पलंगावर उशीला टेकून बसली होती. तिची दोन्ही मूत्रपिंडे निकामी झाली होती. एक दिवसाआड इस्पितळातील यंत्र तिचे रक्त धुऊन देई. पण हातातली शीर आता सुईला दाद देईनाशी झाली होती. मास्तरांचे मूत्रपिंड तिला जुळत होते. अडले होते ते केवळ त्यांच्या वजनावर. एवढ्या स्थूल देहावर शस्त्रक्रिया करणार नाही, असे डॉक्टरांनी बजावले होते. उद्या सकाळी पुन्हा वजन व्हायचे होते.

"हे बघ," मास्तर म्हणाले आणि त्यांनी विजारीची कंबर दोन बोटांनी पुढे ओढून दाखवली. आत अख्खा पंजा जाईल एवढी फट पडली. "ही पँट मला श्वास घेऊ देत नव्हती."

"आणि परवा गिऱ्हाइकाकडे जेवून आलास, ते कुठे गेलं?"

"त्याचं काय? डाएटवाल्या बाईंनी सांगितलंय, एका दिवसाकडे बघायचं नाही, आठवड्याकडे बघायचं. एक दिवस जास्त गेलं तर पुढच्या दिवसांत थोडं थोडं कापायचं. परवाचं काल कापलं, उरलेलं आज. अगं, कापण्यात हयात गेली माझी."

धाकटी हसली. तिलाही सारे मोजूनच मिळे, अगदी पाणीसुद्धा. दिवसाचे पाणी लहानशा बाटलीत उशाशी ठेवलेले असे. तिने बाटली उचलली, घोट घेतला नाही, ओठ तेवढे ओले केले.

"माझं बरं आहे. मी जास्त प्यायले तर उद्या मशीन काढून घेतं. तुमच्यासारख्यांना असं मशीन पाहिजे."

"निघू दे. पहिलं गिऱ्हाईक मी."

"दे ती पँट इकडे. उद्या काट्यावर घसरली तर शोभा होईल. कमरेला चार टाके घालते."

"राहू दे. मी घालीन सकाळी."

"दिवसभर नुसती पडून असते, दादा. हाताला काहीतरी काम दे की."

मास्तर क्षणभर घुटमळले. मग पडद्याआड जाऊन पायजमा घालून आले आणि विजार त्यांनी तिच्या मांडीवर ठेवली.

शिवण पाहायची ती उलट्या बाजूने, हे तिला मास्तरांनीच शिकवले होते. तिने विजार उलटी केली. पाठीमागच्या शिवणीतला दोरा कोरा करकरीत होता. त्याच्या बाजूला बोटभर अंतरावर जुन्या टाक्यांची भोके मुंग्यांच्या रांगेसारखी सरळ गेली होती. दोहोंच्या मधले कापड गर्द निळे राहिले होते. बाकीची विजार उन्हाने विटली होती. आत राखून ठेवलेले कापड कोणीतरी नुकतेच सोडवून बाहेर घेतले होते.

धाकटीची बोटे तेथेच थांबली.

"कधी रे एवढी सैल झाली?"

"होतेय हळूहळू."

मास्तर खिडकीबाहेर पाहत होते. इस्पितळातही, तिच्या हातात सुई शिरू लागली की ते असेच खिडकीबाहेर पाहत. दिवसभर सुईशी संसार करणारा माणूस.

तिने कात्रीचे टोक नव्या शिवणीत घातले. उसवण्याचा आवाज मास्तरांना न पाहताही कळतो. त्यांनी मान वळवली नाही. गर्द निळे कापड तिने पुन्हा आत दुमडले आणि जुन्या भोकांतून एकेक टाका घालत गेली. सुईला वाट शोधावी लागली नाही.

दोरा दातांनी तोडून ती म्हणाली, "घालून बघ."

"सकाळी बघू."

"आत्ता."

मास्तरांनी विजार चढवली. पोट आत ओढले, श्वास रोखला. गुंडी काजापर्यंत पोचेना. कमरेची दोन टोके दोन मुठींत धरून ते तिच्यासमोर तसेच उभे राहिले.

"वजन उतरायला लागलं की मला ते ऑपरेशनचं टेबल दिसतं गं," ते हळूच म्हणाले. "मग मी खात सुटतो."

"मला वाटलंच होतं."

भिंतीचा आधार घेत ती उठली. स्वयंपाकाच्या ओट्यावर मास्तरांचे मोजून वाढलेले ताट झाकून ठेवले होते. झाकण काढून तिने सारे पातेले त्यात रिते केले आणि ताट त्यांच्यापुढे मांडले.

"बस. पोटभर जेव."

"आणि उद्या?"

"उद्या काही कापायचं नाही."

ती पुन्हा पलंगावर जाऊन भिंतीकडे तोंड करून निजली. मास्तर ताटासमोर उभेच होते. त्यांचे दोन्ही हात कमरेशी अडकले होते.

येथे लेखणी खाली ठेवतो. आपला अमूल्य वेळ खर्चून ही हकिगत वाचल्याबद्दल समस्त वाचकांचा मनःपूर्वक ऋणी आहे.

आपला नम्र,
सोपान केरबा लवटे