पिवळा मुखवटा

हंगामाआधी बर्फावरच्या हॉकीबद्दल रेमी बुआक्लेरचं भाकीत पेपरात आलं, की कॅनडातल्या केबेकातली निम्मी माणसं हातातली कॉफी थंड होऊ देत. यंदा त्याने गावच्याच संघाला तळाला बसवलं होतं. कारणही दिलं होतं: गोलकीपर नॉर्मांचा डावा गुडघा गेलाय.

तिसऱ्या दिवशी नॉर्मां पेपरच्या कचेरीत त्याच्या टेबलापाशी येऊन उभा राहिला.

“संघाच्या मालकाने नारळ दिला. दोघांतला एकच गोलकीपर ठेवायचा होता, तुमचं वाचलं आणि ठरवलं. पण माझा गुडघा बघितलात कधी तुम्ही?”

“मंगळवारच्या सरावाला, लंगडत होतास. पिवळा मुखवटा तुझाच की!”

“मुखवटा माझाच. मी आईच्या मातीला गेलो होतो. नव्या गोलकीपरचा मुखवटा तडकला होता, म्हणून माझा त्याला देऊन गेलो.”

रेमीच्या तोंडचं पाणी पळालं. “म्हणजे गुडघा त्याचा...”

“आणि मालकाने त्यालाच ठेवलंय. एक फोन कराल?”

“करतो की, आत्ता करतो.”

नॉर्मां गेला. फोन हाताशीच होता, पण चूक कबूल करायची म्हणजे तीस वर्षांचं नाव धुळीला मिळणार. रेमीने तो उचललाच नाही.

एप्रिलमध्ये संघ खरोखरच तळाला गेला. अचूक भाकिताबद्दल पेपरने पहिल्या पानावर रेमीचा फोटो छापला. त्या सकाळी तो मान खाली घालूनच कॉफीच्या दुकानात शिरला, तर सगळे टाळ्या वाजवत उठले.

सगळ्यांत आधी उठला तो नॉर्मां.