दोनदा उकळलेला बटाटा

"बटाटा परत उकळलास का?" डॉक्टरांनी स्वयंपाकघराच्या दारातूनच विचारलं.

"दोनदा उकळला. दोन्ही वेळचं पाणी मोरीत ओतलं," मावशी म्हणाली. "आता त्यात बटाट्याची नुसती आठवण उरलीय."

डॉक्टर हसले नाहीत. मास्तरचं पोटॅशियम सहाच्या वर गेलं होतं. मूत्रपिंडं कामातून गेली की ते रक्तात साचत जातं आणि एखाद्या दिवशी हृदय गपकन थांबतं. मास्तरची तारीख त्यापायी दोनदा पुढे ढकलावी लागली होती. आकडा साडेपाचाच्या खाली आल्याशिवाय त्याला पलीकडच्या खोलीत न्यायचं नाही, असा सक्त नियम होता. वरचे साहेब डॉक्टरांच्या डोक्यावर बसले होते आणि डॉक्टर मावशीच्या.

मावशीने कंबर कसली. केळं बंद, संत्रं बंद, टोमॅटोचं नावही काढायचं नाही. भाजी बारीक चिरायची, भिजत घालायची, उकळून पाणी फेकायचं. मीठही मोजून, कारण सोडियम वाढलं की मास्तरचे पाय सुजायचे, दम लागायचा. कुणा शहाण्याने कमी सोडियमचं मीठ आणून ठेवलं होतं. मावशीने पुडीमागची बारीक अक्षरं डोळे ताणून वाचली आणि पुडी कचऱ्यात भिरकावली. सोडियम काढून त्या जागी पोटॅशियमच भरलं होतं मेल्यांनी! माणूस जगवायचाय की मारायचाय?

ताट आत सरकवलं की मास्तर नाक मुरडायचा.

"मावशी, हे जेवण आहे की धुणं?"

"खा गुमान."

"एक टोमॅटो दे ना. मीठ लावून."

"टोमॅटो म्हणजे तुला विष आहे."

"मग दोन दे."

मावशी तोंड फिरवून हसायची. मनात मात्र जळफळायची. इतका शिकलेला माणूस, वर्गातल्या पोरांना आयुष्यभर शिस्त शिकवली आणि स्वतःच्या जिभेवर ताबा नाही? एकदा चादर बदलताना गादीखाली केळ्याच्या साली सापडल्या. दारावरच्या माणसाला मास्तरने गोड बोलून गळाला लावलं होतं. मावशीने सरळ वर जाऊन सांगितलं. त्या माणसाची बदली झाली. मास्तर चार दिवस तिच्याशी बोलला नाही.

मास्तरची बहीण भेटायला यायची. काचेपलीकडून भावाशी बोलायची आणि जायची. एका दुपारी ती मागच्या फाटकाशी मावशीसाठी थांबली.

"मावशी, थोडा हात सैल सोडा ना. एखादा ग्लास संत्र्याचा रस. कुणाला कळतंय?"

"तू बहीण आहेस की वैरीण?" मावशी कडाडली. "हृदय बंद पडेल त्याचं!"

"नाही पडणार. आकडा नुसता जरासा वर राहू दे. एवढंच."

"डोकं ठिकाणावर आहे का तुझं?"

बहीण वाकली आणि भर रस्त्यात तिने मावशीचे पाय धरले. मावशीने पाय झटकून सोडवले आणि तरातरा निघाली. असल्या लाडांनीच माणसं हातची जातात, असं ती घरी पोचेपर्यंत पुटपुटत होती.

त्यानंतर तिने मास्तरचं ताट दुसऱ्या कुणाच्या हातात म्हणून दिलं नाही. स्वतः शिजवायची, स्वतः न्यायची, तो शेवटचा घास गिळेपर्यंत दारासमोरून हलायची नाही.

आकडा उतरला. पाच पूर्णांक दोन. पायांची सूजही ओसरली.

"जिंकलीस मावशी," डॉक्टर म्हणाले. पहिल्यांदाच हसले. "आता तारीख हलत नाही."

मावशीने ती बातमी मास्तरला स्वतः सांगितली. त्याने ताट बाजूला सारलं.

"तुझी दृष्ट काढायला हवी," तो म्हणाला.

"पुरे झाली थट्टा," मावशी लाजून म्हणाली.

ठरल्या दिवशी सकाळी मास्तर आपल्या पायांनी पलीकडच्या खोलीत गेला. त्याला पलंगावर झोपवून पट्टे आवळले. तुरुंगाच्या साहेबांनी मृत्युदंडाचा हुकूम वाचून दाखवला. डॉक्टरांनी नाडी तपासली आणि कैदी दंडासाठी तंदुरुस्त असल्याची सही केली. पहिल्या सुईत गुंगीचं औषध होतं. शेवटच्या सुईत पोटॅशियम.