बिनवासाचं खोबरेल

“डोळे मीट,” गुणवंत म्हणाले.

सुनंदाने सोललेले मटार बाजूला सारले, हात पदराला पुसले आणि स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसून डोळे मिटले. गुणवंतांनी तेलाची वाटी तिच्या नाकाखाली धरली.

“येतोय का?”

तिने सावकाश श्वास घेतला. “येतोय. खोबऱ्याचा. हलकासा, पण येतोय.”

“बरं,” ते म्हणाले आणि वाटीवर झाकण ठेवलं. पुन्हा सगळं पहिल्यापासून करायचं होतं.

साल अठ्ठ्याण्णव. गुणवंत गुडगावच्या एका कारखान्यात मुख्य केमिस्ट होते. तिथे खोबरेलापासून शाम्पूत फेस आणणारं द्रव्य आणि क्रीमचा बेस तयार होई. शाम्पूचं काही अडत नव्हतं. अडलं होतं क्रीमपाशी. देशाचे दरवाजे उघडल्यावर आलेल्या एका परदेशी कंपनीला क्रीममध्ये खोबरेल हवं होतं, पण खोबऱ्याचा वास अजिबात नको होता. इकडच्या बायका चेहऱ्याला तो वास खपवून घेणार नाहीत, असं त्यांचं म्हणणं. माल पसंत पडला की मानेसरला नवा कारखाना उभा राहणार आणि त्याचे प्रमुख गुणवंत होणार होते. उभी नोकरी दुसऱ्याच्या हाताखाली काढलेल्या माणसाला याहून मोठं काय हवं असतं?

तेलातून वाफ सोडून वास काढायचा, हे सगळ्यांनाच ठाऊक. तो पुरता गेला की नाही, हे सांगणारं नाक मिळणं कठीण. गुणवंतांचं नाक खोबरेलात मुरलेलं, त्याला तेवढा एक वास आता कळेनासा झाला होता. प्रयोगशाळेतली बाकीची मंडळी सरसोंच्या, म्हणजे मोहरीच्या, तेलावर वाढलेली. त्यांचा काय भरवसा? सुनंदा मात्र रत्नागिरीची. नवी नवरी होती तेव्हा तिने शेजारणीच्या बंद डब्यातल्या करंज्या नुसत्या वासावरून ओळखल्या होत्या. महाराष्ट्र मंडळात कोणी भेटलं की गुणवंत ती गोष्ट सांगत. बायकोचं उघड कौतुक करायला त्यांना तेवढा एकच विषय होता.

वास घेणाऱ्याला आपल्याला काय हवंय ते कळू द्यायचं नाही, आणि चेहरा कोरा ठेवायचा, हा त्यांच्या कामातला नियम. घरीही त्यांनी तो मोडला नाही. वास जायला हवाय की राहायला, हे त्यांनी सुनंदाला कधी सांगितलं नाही आणि तिनेही विचारलं नाही. फक्त ती “येतोय” म्हणाली की ते म्हणत, “असं नाक अख्ख्या दिल्लीत नाही.” मग तिचा चेहरा खुलायचा.

“सर, मला तर काहीच येत नाही,” प्रयोगशाळेत नमुना हुंगून इंद्रजित म्हणाला. तो त्यांच्या हाताखालचा केमिस्ट, दिल्लीतच वाढलेला मराठी मुलगा. “बिल्कुल साफ आहे. सॅम्पल भेजून देऊ या ना?”

“घरी येतोय.”

“मॅडमना आला म्हणजे कस्टमरला येईलच असं थोडी आहे? टाइम निघून जातोय, सर.”

“अर्धवट माल माझ्या सहीने जाणार नाही.”

इंद्रजितने नमुन्याची बाटली परत जागेवर ठेवली. हट्टी साहेबापुढे आणखी काय करणार?

एका संध्याकाळी गुणवंतांना जिन्यातच करपलेल्या दुधाचा वास आला. द्वारकेच्या त्या नव्या सोसायटीत त्यांच्या मजल्यावर अजून दुसरं कोणी राहायला आलं नव्हतं. ते धावत घरात शिरले आणि त्यांनी गॅस बंद केला. सुनंदा ओट्यापलीकडच्याच खुर्चीत स्वेटर विणत बसली होती.

“अगं, पातेलं जळालं!”

“अय्या! टाके मोजत होते, लक्षच नव्हतं.” ती ओशाळून उठली.

गुणवंत चिडले नाहीत. त्यांच्या खिशात नवा नमुना होता आणि या खेपेला वाफ त्यांनी स्वतः उभं राहून दिली होती. खिडक्या उघडून, करपट वास पार जाईपर्यंत थांबून त्यांनी वाटी पुढे केली. मनातल्या मनात देवाचं नावही घेतलं.

“येतोय,” सुनंदा म्हणाली.

हिवाळा सरला आणि परदेशी कंपनीचा धीरही संपला. करार दुसऱ्या कारखान्याला मिळाला. इंद्रजित तिकडे गेला आणि त्यांनी मानेसरला उभारलेल्या कारखान्याचा पुढे प्रमुख झाला. गुणवंत त्याच खुर्चीतून निवृत्त झाले. हातातोंडाशी आलेला घास गेला, याची हळहळ त्यांना कधी सोडून गेली नाही. सुनंदाला त्यांनी त्यातलं काही सांगितलं नाही. तिच्या जिवाला उगीच घोर कशाला लावायचा?

गुडगावला मॉल झाले तेव्हा ती क्रीम तिथे मांडलेली दिसू लागली. गुणवंत त्या कपाटावरून मान वळवून पुढे जात. एक दिवस मात्र थांबले आणि डबी विकत घेतली. एकदाच खात्री करून घ्यायची होती. तिला वास येत असला, तर तडजोड दुसऱ्यांनी केली, आपण नाही, एवढं तरी पदरात पडणार होतं. इतक्या वर्षांत त्यांना दुसरं काही नको होतं.

“डोळे मीट,” घरी आल्यावर ते म्हणाले.

“अजून?” सुनंदा हसली. पण पूर्वीसारखीच ताठ बसली आणि तिने डोळे मिटले.

डबी तिच्या नाकापाशी धरून त्यांनी झाकण फिरवलं.

“येतोय,” सुनंदा लगेच म्हणाली. “खोबऱ्याचाच. अगदी हलकासा, पण येतोय.”

कौतुकाची वाट पाहत ती मिटल्या डोळ्यांनी हसत होती. झाकणाखालचं चंदेरी कागदाचं सील गुणवंतांनी अजून काढलंच नव्हतं.